दारीं आलेला वैद्य

रोग्यानें वैद्याकडे जावें हा जगाचा जुना क्रम आहे. पोटांत कळ उठली, ज्वर आला, डोळ्यांपुढें अंधारी आली, म्हणजे मनुष्य आपण होऊन वैद्याचें घर गांठतो. तेथें त्या दोघांमध्यें न बोलतांच एक करार होतो. रोगी आपलें दुखणें पुढें ठेवतो आणि वैद्य यथाशक्ति उपाय करण्याचें पत्करतो. औषधाचा गुण आला नाहीं तरी रोगी वैद्यास फारसा दोष देत नाहीं. कारण दुखणें तो स्वतःच बरोबर घेऊन आलेला असतो.

गेल्या शंभरएक वर्षांत मात्र हा क्रम पुष्कळ ठिकाणीं उलटला आहे. ज्यास कांहीं दुखत नाहीं, ज्यानें कोणास बोलाविलें नाहीं, अशा मनुष्याच्या दारीं वैद्य किंवा त्याचा मदतनीस जातो. रक्ताचा थेंब मागतो, कातडीवरचा चट्टा पाहतो, किंवा डोळ्याच्या आंतील पडद्याचें छायाचित्र घेतो, आणि "तुम्हांला अमुक रोग आहे" असें सांगतो. सकाळीं निरोगी म्हणून उठलेला मनुष्य रात्रीं रोगी म्हणून निजतो. रोग वैद्यानें आणिलेला नसतो हें खरें. पण त्याची वार्ता त्यानें आणिलेली असते. अशी वार्ता आणणारावर कांहीं ऋण चढतें कीं काय, आणि चढत असल्यास तें कसें फेडावें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न आज उपस्थित होण्यास मधुमेह निमित्त झाला आहे. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीप्रमाणें आपल्या देशांत मधुमेहाचे रोगी दहा कोटींच्या वर आहेत. त्याच्या आधीं, २०१५ ते २०१९ या काळांत, केंद्र सरकारनें पन्नाशीच्या पुढील लोकांची जी पाहणी करविली, तींत मधुमेह झालेल्या शंभर माणसांपैकीं सुमारें सतरांच्या नेत्रपटलावर त्या रोगाच्या खुणा आढळल्या. हा नेत्रविकार दुखत नाहीं, खुपत नाहीं. पुष्कळदा दृष्टि जाण्याच्या बेतास येईपर्यंत मनुष्यास त्याचा पत्ताहि नसतो. म्हणून शहरोशहरीं, वस्तीवस्तींतून अशा लोकांचे डोळे तपासावे असा विचार बळावत आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु कोणत्या अटींवर तपासावे, याचा विचार तितक्याच आस्थेनें होतांना दिसत नाहीं. त्या विचारास चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांचा गेल्या पाऊणशें वर्षांचा अनुभव फार उपयोगी पडेल असें आम्हांस वाटतें. न बोलावितां दारीं जाणाऱ्या वैद्याचे बरेवाईट परिणाम जितके या भागानें पाहिले, तितके महाराष्ट्रांत दुसऱ्या भागांनीं क्वचितच पाहिले असतील.

जुना चांदा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं विभागला गेला व त्याच्या पूर्वेकडील अरण्यप्रदेशाचा गडचिरोली जिल्हा झाला. पश्चिमेस कोळशाच्या खाणी, बल्लारपूरचा कागदाचा कारखाना, चंद्रपूरचें औष्णिक विद्युत्केंद्र आणि त्यांच्या आधारानें वाढलेली मजुरांची वस्ती. पूर्वेस धानोरा, एटापल्ली, भामरागड अशा तालुक्यांतून पसरलेला माडिया व गोंड लोकांचा मुलूख, जेथें पर्लकोटेला पूर आला कीं भामरागडचा बाहेरच्या जगाशीं संबंध तुटतो. एकीकडे दिवसाच्या मजुरीवर चालणारें शहर आणि दुसरीकडे दवाखान्यापासून कोसच्या कोस दूर असलेलीं गांवें, अशी ही जोडी आहे.

प्रथम कुष्ठरोगाची हकीकत घेऊं. इंग्रजी अमदानींत १८९८ सालीं जो कुष्ठरोग्यांचा कायदा झाला, त्यान्वयें निराधार कुष्ठरोग्यास पोलिसांनीं पकडून आश्रमांत कोंडावें अशी तरतूद होती. त्या काळीं चालमोग्र्याच्या तेलापलीकडे औषध नव्हतें, आणि त्याचाहि गुण संशयास्पदच होता. अशा स्थितींत रोग ओळखणें म्हणजे मनुष्यास गांवाबाहेर काढण्यास हातभार लावणें होय. अंगावरचा चट्टा लोक लपवीत असत, यांत नवल तें कोणतें? १९३६ सालीं मनोहर दिवाण यांनीं वर्ध्याजवळ दत्तपूर येथें आणि पुढें स्वातंत्र्यानंतर बाबा आमटे यांनीं वरोऱ्याजवळ आनंदवनांत जें कार्य आरंभिलें, त्याचा पहिला अर्थ असा होता कीं, ज्यास समाजानें ओळखून बाहेर टाकलें त्यास कोणी तरी ओळखून आंत घ्यावें.

१९४० नंतरच्या दशकांत सल्फोन वर्गाचीं औषधें आलीं आणि दारोदार जाऊन कुष्ठरोगी शोधण्यास प्रथमच नैतिक आधार मिळाला. १९५१ सालीं वर्धा येथें गांधी स्मारक कुष्ठ प्रतिष्ठान स्थापन झालें व डॉ. वर्देकर यांच्या नेतृत्वाखालीं तेथें सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी त्रिविध पद्धति बसविण्यांत आली. घरोघर पाहणी करावयाची, लोकांस रोगाचें खरें स्वरूप समजावून सांगावयाचें, आणि जो सांपडेल त्यास त्याच्या गांवींच औषध द्यावयाचें. या तिन्ही गोष्टी एकत्र गुंफलेल्या होत्या हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. १९५५ मध्यें सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठ नियंत्रण कार्यक्रमाची उभारणीहि अशाच पाहणीवर व उपचारांवर झाली.

तथापि औषधानें शरीर बरें होतें, नांव बरें होत नाहीं. त्याच १९५५ सालच्या हिंदु विवाह कायद्यांत जोडीदाराचा कुष्ठरोग हें काडीमोडीचें एक कारण म्हणून नमूद झालें. १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि रोग खात्रीनें बरा होऊं लागला. परंतु १८९८ चा कायदा रद्द व्हावयास २०१६ साल उजाडावें लागलें, आणि काडीमोडीचें तें कलम २०१९ पर्यंत कायम होतें. म्हणजे खात्रीचा उपाय हातीं आल्यावरहि अडतीस वर्षेंपर्यंत, दारीं येऊन "तुला कुष्ठ आहे" असें सांगणारा मनुष्य औषधाबरोबरच घर मोडण्याचें साधनहि दुसऱ्याच्या हातीं देत होता. सांगणाराचा हेतु शुद्ध होता. त्याच्या शब्दाचें पुढें काय होईल हें मात्र त्याच्या हातीं नव्हतें.

दुसरी हकीकत सिकलसेल या रक्तविकाराची. या रोगांत रक्तांतील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना उत्पन्न करितात. हा आईबापांकडून येणारा विकार आहे. ज्यास तो एकाच बाजूनें मिळाला तो केवळ वाहक असतो व बहुधा निरोगी आयुष्य जगतो. दोन वाहकांचें लग्न झालें तर त्यांच्या प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक इतका असतो. भारतांत हा विकार १९५२ सालीं निलगिरींतील आदिवासींत प्रथम आढळला, आणि १९५८ सालीं नागपूरच्या शुक्ल व सोळंकी यांनीं मध्य भारतांतील त्याचें अस्तित्व प्रसिद्ध केलें.

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग हें दांपत्य १९८६ सालीं गडचिरोलीस आलें व त्यांनीं 'सर्च' ही संस्था काढली. आरंभींच त्यांनीं हातीं घेतलेल्या कामांत सिकलसेलची पाहणी होती. रक्त तपासलें गेलें, रोग आहे हें सिद्ध झालें, शास्त्रीय दृष्ट्या कार्य उत्तम झालें. पण पुढें स्वतः बंग यांनींच मोकळ्या मनानें कबूल केलें कीं, हा प्रश्न लोकांनीं विचारलेला नव्हता. तो संशोधकाच्या जिज्ञासेंतून निघाला होता आणि ज्यांच्यांत रोग सांपडला त्यांस देण्याजोगा उपाय हातीं नव्हता. त्यानंतर आदिवासींच्या सभा भरवून, तुम्हांला काय हवें आहे असें आधीं विचारण्याची रीति त्या संस्थेनें पाडली. तिचा दवाखानाहि लोकांच्या सांगण्याप्रमाणें झोंपड्यांच्या धर्तीवर बांधला गेला आणि त्यास दंतेश्वरी देवीचें नांव मिळालें. विद्वानानें आपल्या यशस्वी पाहणीस अपुरी म्हणावें, असें आपल्याकडे फार थोड्या वेळां घडतें. म्हणून ही गोष्ट मुद्दाम नमूद केली.

याच रोगाच्या बाबतींत अमेरिकेंत काय घडलें तें पाहिलें म्हणजे गडचिरोलींतील या कबुलीचें मोल अधिक कळतें. लायनस पाउलिंग या थोर रसायनशास्त्रज्ञानें १९४९ सालीं या रोगाचें मूळ रक्तद्रव्याच्या रेणूंत असल्याचें दाखविलें. त्याच पाउलिंगनें १९६८ सालीं असें सुचविलें कीं, प्रत्येक वाहक तरुणाच्या कपाळावर तशी खूण गोंदावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमांत पडणार नाहींत! १९७० नंतर तेथील कित्येक संस्थानांनीं काळ्या लोकांची तपासणी सक्तीची केली. वाहक व रोगी यांतील भेद लोकांस नीट समजावून दिला गेला नाहीं, आणि निरोगी वाहकांस नोकरी व विमा नाकारण्याचे प्रकार घडले. शेवटीं १९७२ च्या कायद्यानें तपासणी ऐच्छिक असावी असें ठरवावें लागलें. मात्र १९८६ सालीं तेथेंच असें सिद्ध झालें कीं, जन्मतःच रोग ओळखून बालकास नियमानें पेनिसिलिन दिल्यास जीवघेणा जंतुसंसर्ग शेंकडा चौऱ्यायशींनीं कमी होतो. तपासणी तीच, परंतु तिच्यामागून काय येणार हें बदलतांच तिचा नैतिक अर्थ पालटला.

१ जुलै २०२३ रोजीं भारत सरकारनें सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम आरंभिली व सुमारें सात कोटि लोकांची तपासणी योजिली. तपासलेल्यास आपली स्थिति दाखविणारें कार्ड मिळतें. आज वेदना कमी करणारें हायड्रॉक्सियुरिया हें औषध उपलब्ध आहे. तेव्हां १९८६ च्या पाहणीवर जो आक्षेप होता तो पुष्कळ अंशीं दूर झाला आहे. उरला प्रश्न तो कार्डाचा. तें कार्ड मुलाच्या औषधासाठीं उपयोगी पडतें, कीं मुलीचें लग्न मोडण्यासाठीं, हें तें देणाऱ्या कार्यकर्तीनें घालविलेल्या दहा मिनिटांवर अवलंबून आहे. कपाळावरची खूण आणि पेटींतलें कार्ड यांत अंतर आहे खरें, पण तें समजूतदार माणसांनीं जपलें तरच राहतें.

तिसरी हकीकत स्त्रियांची आहे. जानेवारी १९८९ मध्यें 'लॅन्सेट' या इंग्रजी वैद्यक पत्रांत बंग दांपत्याचा एक लेख प्रसिद्ध झाला. गडचिरोली जिल्ह्यांतील दोन गांवांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली असतां शेंकडा ब्याण्णव स्त्रियांस एक ना एक स्त्रीरोग असल्याचें आढळलें. आणि त्यांपैकीं पूर्वीं कधीं तपासणी झालेल्या स्त्रिया शेंकडा आठच होत्या. येथें दारीं आलेल्या वैद्यानें नवी वार्ता आणिली असें म्हणतां येणार नाहीं. पुष्कळ स्त्रियांस आपलें दुखणें ठाऊक होतें. तें सांगावयास स्त्री डॉक्टर नव्हती, व ऐकावयास कोणी बसलें नव्हतें. राणी बंग यांनीं आधीं कान दिला आणि मग तपासणी केली. या पाहणीनें त्या दोन गांवांपलीकडेहि मोठें कार्य केलें. खेड्यांतील स्त्रीचें आरोग्य म्हणजे केवळ बाळंतपण व संततिनियमन नव्हे, ही गोष्ट जगाच्या आरोग्यशास्त्रज्ञांस मान्य करावी लागली.

येथें एक आक्षेप येतो व त्याचा विचार केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. कोणी म्हणेल, उपाय हातीं असल्याशिवाय पाहूंच नये असा नियम केला, तर गरिबांचे रोग कायमचे झांकलेले राहतील. आकडा नाहीं म्हणून सरकार पैसा देत नाहीं, आणि पैसा नाहीं म्हणून उपाय होत नाहीं. हा आक्षेप खरा आहे. १९८९ च्या आकड्यांनीं जें घडविलें तें आकड्यांवांचून घडलें नसतें. तथापि मोजणी आणि चिकित्सा या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दोहोंची सरमिसळ करूं नये. मोजणीसाठीं आलों असलों तर तसें स्पष्ट सांगावें, होकार घ्यावा, आणि जो रोगी सांपडेल त्याच्यासाठीं जें शक्य असेल तें तरी करावें. बरें करण्याचें आमिष दाखवून मोजून जाणें हा विश्वासघात होय, मग त्यांतून निघालेला शोध कितीहि मोठा असो.

आतां डोळ्याकडे वळूं. जिवंत मनुष्याच्या डोळ्याचा आंतला पडदा पाहण्याचें यंत्र हेल्महोल्ट्झ यानें १८५१ सालीं शोधून काढलें, आणि पुढें चारपांच वर्षांतच व्हिएन्ना येथील येगर यानें मधुमेही मनुष्याच्या नेत्रपटलावरील विकृतीचें वर्णन केलें. पण त्या काळीं मधुमेही फार दिवस जगत नसे. १९२२ सालीं टोरांटो येथें इन्शुलिन प्रथम रोग्यास देण्यांत आलें, आयुष्य वाढलें, आणि वाढलेल्या आयुष्याबरोबर हा नेत्रविकारहि वाढला. १९४५ च्या सूर्यग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनीं पाहिल्यामुळें ज्यांचे पडदे भाजले होते असे रोगी जर्मन नेत्रवैद्य मेयर-श्विकेराथ यानें तपासले. तेव्हां सूर्यकिरण जें अपघातानें करितात तें आपण हेतुपुरःसर करून बिघडलेला भाग डागावा, असें त्याच्या मनांत आलें. लेसर-उपचाराचें मूळ तेथें आहे.

हा उपचार खरोखर गुणकारी आहे काय, हें ठरविण्यासाठीं अमेरिकेंत सतराशेंहून अधिक रोग्यांवर प्रयोग झाला. प्रत्येक रोग्याचा एक डोळा डागावयाचा व दुसरा तसाच ठेवावयाचा, अशी त्याची योजना होती. १९७६ सालीं असें दिसून आलें कीं, डागलेल्या डोळ्यांत दृष्टिनाशाचें प्रमाण निम्म्याहून अधिक कमी झालें आहे. तेव्हां प्रयोगकर्त्यांनीं आपला नियम बदलला आणि ज्या दुसऱ्या डोळ्यास मोठा धोका होता त्याच्यावरहि उपचार करण्याची मोकळीक दिली. उपाय ठाऊक झाल्यावर ज्ञानासाठीं सुद्धां एखादा डोळा विझूं देण्याचा अधिकार कोणास राहत नाहीं, असेंच जणुं त्यांनीं या कृतीनें मान्य केलें.

त्याच्या आठ वर्षें आधीं, १९६८ सालीं, जागतिक आरोग्य संघटनेसाठीं विल्सन व युंगनर यांनीं अशा तपासणीच्या दहा कसोट्या मांडल्या होत्या. रोगावर मान्य उपचार असावा. निदानाची व उपचाराची सोय हाताशीं असावी. आणि शोधाचें काम एकदां करून संपविण्याचें नसून अखंड चालूं ठेवण्याचें असावें, या त्यांतील मुख्य होत. मधुमेहाचा नेत्रविकार या कसोट्यांस जितका उतरतो तितके थोडेच रोग उतरतात. इंग्लंडमध्यें २००३ पासून नियमित तपासणीची पद्धति बसविण्यांत आली, आणि २००९-१० च्या नोंदींत, निदान पन्नास वर्षांत प्रथमच, काम करण्याच्या वयांतील अंधत्वाचें पहिलें कारण हा विकार राहिला नाहीं. ही तपासणी केलीच पाहिजे, याविषयीं म्हणूनच शंका नको.

परंतु इंग्लंडमधील तपासणीच्या मागें उपचाराची सोय आधींच उभी होती. आपल्या शहरांत काय होईल याची कल्पना करण्यास चंद्रपूरच्या खाणींत अवजड गाडी हांकणाऱ्या एखाद्या मधुमेही चालकास डोळ्यांपुढें आणावें. वस्तींत शिबिर भरलें व तो गेला. बाहुली मोठी करणारे थेंब डोळ्यांत घातले गेले, म्हणजे कांहीं तास जवळचें अक्षर दिसत नाहीं व ऊन सोसवत नाहीं. त्या दिवसाची मजुरी बुडाली. पडद्यावर विकार दिसला व एक चिठ्ठी हातीं आली. पडद्याच्या रोगांचे तज्ज्ञ बहुधा मोठ्या शहरांतच असतात. चंद्रपूरच्या माणसानें त्यासाठीं दीडशें किलोमीटरांवरील नागपूरकडे पाहावयाचें. उपचार कधीं लेसरचा, कधीं वरचेवर टोंचावयाच्या सुयांचा. म्हणजे प्रत्येक खेपेस पुन्हा मजुरी बुडणार. आणि ती चिठ्ठी मुकादमाच्या हातीं पडली तर? डोळे अधू झाल्याची वार्ता चालकाची नोकरी घालविण्यास पुरेशी आहे. ज्या डोळ्यास आणखी कांहीं वर्षें बरें दिसलें असतें त्याच्यापायीं आजची भाकरी गेली, असें त्या घरास वाटलें तर त्यांस अडाणी म्हणण्याचा अधिकार आपणांस नाहीं. उलट, त्याची दृष्टि खरोखरच गाडी चालविण्याजोगी उरली नसेल, तर रस्त्यावरच्या इतरांच्या जिवाचाहि प्रश्न आहे. तेव्हां गुपित राखणें हेंहि सोपें उत्तर नव्हे. त्यास दुसरें काम मिळवून देण्याची खटपट हाच तेथील खरा उपचार ठरतो.

आतां तर छायाचित्र वाचणारीं यंत्रें आलीं आहेत. २०१६ सालीं ज्या यंत्राचा गाजावाजा झाला त्यास शिकविण्यासाठीं सुमारें सव्वा लाख नेत्रचित्रें वापरलीं गेलीं, आणि तीं अमेरिकेंतील चित्रांप्रमाणेंच भारतांतील तीन नेत्ररुग्णालयांतून घेतलेलीं होतीं. म्हणजे त्या यंत्राच्या विद्येंत आपल्या लोकांच्या डोळ्यांचाहि वांटा आहे. पुढें थायलंडमधील अकरा दवाखान्यांत तें यंत्र बसविलें, तेव्हां अपुऱ्या प्रकाशांत घेतलेलीं पांचांतील एक चित्रें त्यानें नाकारलीं, आणि ज्यांचीं चित्रें नाकारलीं गेलीं अशा कांहींस, रोग आहे कीं नाहीं हेंहि न कळतां, दुसऱ्या दिवशीं दूरच्या रुग्णालयांत जाण्यास सांगावें लागलें. ही हकीकत २०२० सालीं प्रसिद्ध झाली. यंत्रानें वाचणाऱ्याची उणीव भरून निघेल. गाडीभाड्याची, बुडालेल्या मजुरीची व धीर देणाऱ्या माणसाची उणीव तें भरून काढूं शकत नाहीं.

तात्पर्य, नेत्रतपासणीच्या शिबिराची योग्यता किती डोळे पाहिले यावरून ठरवूं नये. ज्यांच्या डोळ्यांत विकार आढळला त्यांपैकीं किती जणांचा उपचार पुरा झाला, पुढल्या वर्षीं किती जणांस पुन्हा पाहिलें, आणि किती जणांच्या चिठ्ठ्या त्यांच्या संमतीवांचून दुसऱ्यांच्या हातीं गेल्या नाहींत, हे आकडे विचारावे. वर्ध्याच्या कुष्ठकार्यानें सर्वेक्षणास उपचाराची जोड दिली. गडचिरोलीच्या संशोधकांनीं, आधीं लोकांस विचारावें, हें आपल्या चुकींतून शिकून सांगितलें. आणि कुष्ठाच्या कायद्यानें, रोगाचें नांव रोगाहून अधिक काळ टिकतें, हें दाखवून दिलें. हे धडे घेण्यासाठीं आपणांस विलायतेकडे पाहण्याची गरज नाहीं. दारीं आलेला वैद्य पुन्हा येणार आहे कीं नाहीं, एवढेंच त्या दारांत उभ्या असलेल्या माणसास जाणावयाचें असतें. पुन्हा येणें होणार नसेल, तर त्यानें निदान तसें पहिल्याच भेटींत सांगावें.